गिटारच्या तारा का उतरवतात?

गिटार हातात आली की पहिल्याच दिवशी सहा अक्षरं पाठ होतात: ई, ए, डी, जी, बी, ई. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाणारा हा क्रम. ट्यूनरचा काटा सहा वेळा मधोमध आला की गिटार ‘बरोबर’ लागली असं आपण समजतो. पुढे एखादं आवडतं गाणं रेकॉर्डिंगबरोबर वाजवून बघावं, तर सगळे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) अचूक धरूनही सूर जुळत नाही. किंवा त्यातला एक खर्जातला स्वर आपल्या गिटारवर सापडतच नाही, कारण तो आपल्या सगळ्यात जाड तारेच्याही खाली असतो. अशा वेळी आपला कान चुकत नसतो. त्या वादकाने तारा वेगळ्या लावलेल्या असतात.

हे वेगळं लावणं दोन जातींचं असतं आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं गोंधळाचं होतं. एका प्रकारात सहाही तारा सारख्याच अंतराने खाली उतरवतात. कॉर्डचे आकार तेच, बोटांच्या जागा त्याच, फक्त अख्खं वाद्य खालच्या पट्टीत जातं. दुसऱ्या प्रकारात तारांची आपापसातली अंतरंच बदलतात. तिथे पाठ केलेले आकार चालत नाहीत, हात नव्याने बसवावा लागतो. पहिल्याची कारणं बहुतेक गळ्याशी, तारेच्या ताणाशी आणि आवाजाच्या जाडीशी जोडलेली आहेत. दुसऱ्याची कारणं संगीताच्या आतली आहेत. मला स्वतःला दुसरा प्रकार जास्त मोलाचा वाटतो, पण तो कळायला आधी नेहमीचं ट्यूनिंग तसं का आहे ते बघावं लागतं.

नेहमीचं ट्यूनिंग हीसुद्धा तडजोडच

मोकळ्या, म्हणजे कुठेही न दाबलेल्या, सहा तारांची कंपनसंख्या साधारण अशी: 82.4, 110, 146.8, 196, 246.9 आणि 329.6 हर्ट्झ. शेजारच्या दोन तारांमध्ये पाच अर्ध्या स्वरांचं अंतर असतं, म्हणजे सा ते शुद्ध मध्यम. अपवाद एकच. जी आणि बी या तारांमध्ये चारच अर्धे स्वर आहेत, सा ते शुद्ध गंधार. शिकताना हा अपवाद फार छळतो. खालच्या चार तारांवर बसवलेली एखादी सुरावट वरच्या दोन तारांवर नेली की एक पडदा (फ्रेट) सरकवावी लागते.

मग हा अपवाद ठेवलाच कशाला? सगळ्या तारा सा-म अंतराने लावून बघा: ई, ए, डी, जी, सी, एफ. सगळ्यात जाड तार ई आणि सगळ्यात बारीक तार एफ. दोन सप्तकं वर जाऊन या दोघींमध्ये अर्ध्या स्वराचं अंतर उरतं, म्हणजे सा आणि कोमल रिषभ एकदम वाजल्यासारखं. आता एकच बोट सहाही तारांवर आडवं टाकून धरायचा बार कॉर्ड विसरा, कारण दोन्ही टोकांच्या तारा एकमेकींना खायला उठतात. मधलं एक अंतर अर्ध्या स्वराने कमी केलं की वरची आणि खालची दोन्ही टोकं ई होतात आणि एका बोटाचा आधार सहाही तारांना पुरतो. उलट, व्हायोलिनसारखी सा-प अंतरं ठेवली तर शेजारच्या तारेपर्यंत पोहोचायला सात पडदे ओलांडावे लागतात. व्हायोलिनची मान आखूड, तिथे ते जमतं. गिटारच्या लांब मानेवर खालच्या पडद्यांत बोटं फाकून फाकून दमतात. तरीही हा मार्ग कोणी सोडलेला नाही. इंग्लिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी 1980च्या दशकात सी, जी, डी, ए, ई, जी असं ट्यूनिंग घेतलं आणि पुढे शिष्यांनाही त्यातच शिकवलं.

गिटारच्या आधीच्या वाद्यांमध्येही हा शोध चालूच होता. सोळाव्या शतकातल्या तारांच्या सहा जोडांच्या ल्यूट या युरोपी वाद्यावर ते आखूड सा-ग अंतर बरोबर मधोमध असायचं. व्हायोलिन-चेलोवाल्यांनीही तारा बदलून बघितल्या. संगीतकार बीबर यांनी सतराव्या शतकात रोझरी सोनाटा लिहिले ते जवळपास प्रत्येक सोनाट्याला वेगळं ट्यूनिंग देऊन. बाख यांच्या पाचव्या चेलो स्वीटमध्ये वरची ए तार जीवर उतरवून वाजवायची सूचना आहे. म्हणजे तारांचे स्वर रचनेप्रमाणे बदलणं ही रॉकवाल्यांची टूम नाही, ती फार जुनी रीत आहे.

थोडक्यात, ई-ए-डी-जी-बी-ई मध्ये सगळ्या पट्ट्यांत सगळं थोडंथोडं जमतं. त्याची किंमतही आहे. सहाही तारा मोकळ्या छेडल्या तर पूर्ण वाटणारा, टेकणारा कॉर्ड मिळत नाही. आणि गिटारचा सगळ्यात सुंदर, लांबवर घुमणारा आवाज नेमका मोकळ्या तारेचा असतो.

गळा आणि ताण

आता सरसकट तारा उतरवण्याकडे येऊ. गिटारवाल्यांना ई आणि ए या पट्ट्या लाडक्या, कारण तिथे खर्जाच्या मोकळ्या तारा आयत्या मिळतात. गाणाऱ्याच्या गळ्याला याच्याशी काही देणंघेणं नसतं. वरचा स्वर अर्ध्या पायरीने ताणला जात असेल तर गाण्याची पट्टी खाली आणायलाच हवी. कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, इथे कामाचा नाही, तो पट्टी फक्त वर नेतो. खाली जायचं तर एक तर सगळे कॉर्ड बदला आणि मोकळ्या तारांवर पाणी सोडा, नाहीतर तारा उतरवा. जिमी हेंड्रिक्सच्या पुष्कळ रेकॉर्डिंगमध्ये गिटार अर्धा स्वर खाली आहे. गन्स अँड रोझेसचा 1987चा पहिला अल्बमही तसाच आहे. गायकाचं वय वाढतं तसा तोच बँड तीच जुनी गाणी मैफलीत अर्धा किंवा एक स्वर उतरवून वाजवायला लागतो, ते यामुळेच.

दुसरं कारण बोटांना कळतं. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिचं दर इंची वजन आणि तिच्यावरचा ताण. लांबी आणि वजन तेच ठेवलं तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हा वर्ग महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे थोडासा स्वर उतरवला तरी ताण बराच पडतो. अर्धा स्वर खाली गेलात की ताण सुमारे 11 टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण स्वर उतरवला तर 20 टक्क्यांच्या थोडं वर, दीड स्वर उतरवला तर 29 टक्के. एक अख्खं सप्तक खाली जायचं म्हटलं तर ताण चौथ्या हिश्श्यावर येतो आणि तार पडद्यांवर लोळते.

इलेक्ट्रिक गिटारवर 0.046 इंच जाडीची सहावी तार ई वर असताना तिच्यावर जवळजवळ आठ किलोचा ताण असतो. तीच डीवर उतरवली की तो सव्वासहा किलोच्या आसपास येतो. आकड्यात हा फरक किरकोळ वाटतो, पण तार ओढून स्वर चढवताना तो लगेच जाणवतो. मींड घेतल्यासारखा स्वर दीड पायरी वर न्यायचा असेल, तर सैल तार बोटाखाली वळते आणि घट्ट तार उलट दाबते. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन यांनी या गणिताचा वेगळाच उपयोग केला. साधारण वादक पहिली तार 0.009 किंवा 0.010 इंचांची घेतो, ते 0.013पर्यंतची वापरत. इतकी जाड तार नेहमीच्या सुरात ओढणं म्हणजे बोटं सोलून घेणं. गिटार अर्धा स्वर खाली घेतल्यामुळे जाड तारेचा भरीव आवाज मिळाला आणि ओढही आटोक्यात राहिली.

याच ताणाच्या गणिताने एका वादकाचं आयुष्य वाचवलं आणि त्यातून एक संगीतप्रकार उभा राहिला. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी डावखुरा. 1965मध्ये, सतरा वर्षांचा असताना, पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका बोटांची टोकं तुटली. डावखुऱ्या वादकाचा उजवा हात म्हणजे पडद्यांवरचा हात. त्याने त्या बोटांवर घालायला टोप्या स्वतः बनवल्या, त्यावर चामडं लावलं आणि दाबायला सोप्या म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे ब्लॅक सॅबथ या त्याच्या बँडच्या 1971मधल्या तिसऱ्या अल्बमवर बऱ्याच गाण्यांसाठी गिटार दीड स्वर खाली, सी शार्पवर, आणली. तारा सैल झाल्या, हाताला आराम पडला आणि आवाजात एक काळोखी, जड लय आली. आज ज्याला आपण हेवी मेटलचा आवाज म्हणतो त्याचं एक मूळ इथे आहे. दुखापत झालेल्या हाताची ही सोय होती, हे मला त्या आवाजाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

जड आवाज नक्की कुठून येतो

सगळ्यात सोपा बदल म्हणजे ड्रॉप डी. फक्त सहावी तार ईवरून डीवर आणायची, बाकी पाच तशाच. शास्त्रीय गिटारच्या रचनांमध्ये ही सूचना नेहमी दिसते, कारण डीच्या पट्टीत षड्जाला खर्जातला आधार मिळतो. रॉकमध्ये तिचा दुसराच फायदा घेतात. खालच्या तीन तारा आता डी, ए, डी झाल्या, म्हणजे सा, प, सा. पॉवर कॉर्ड म्हणतात तो नेमका हाच. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये त्याला दोन-तीन बोटं लागतात. इथे एक बोट आडवं टाकलं की झालं आणि तेच बोट मानेवरून झपाझप सरकवता येतं. 1990च्या दशकातल्या कितीतरी रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) या एका बोटाच्या सरकण्यातून निघाल्या.

सा-प-सा इतकं चालतं आणि त्यात गंधार का घालत नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या यंत्रणेतून, दोन स्वर एकदम गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. डी 73.4 हर्ट्झ आणि त्याचा पंचम 110 हर्ट्झ. वजाबाकी येते सुमारे 36.6, म्हणजे त्याच डीचा आणखी एक सप्तक खालचा डी. वाजवलेला नसतानाही तो ऐकू येतो आणि कॉर्ड अवाढव्य वाटतो. गंधार घातला की वजाबाक्यांतून निघालेले स्वर कॉर्डशी नीट बसत नाहीत, आवाज गढूळ होतो. जितकं खाली जावं तितका हा गढूळपणा वाढतो. म्हणून खोल ट्यूनिंगवाले वादक गंधाराला हात लावताना जपून असतात.

पुढची पायरी सात तारांची. गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्यासाठी आयबानेझ या गिटार कंपनीने 1990मध्ये सात तारांची गिटार बाजारात आणली. तिची सातवी तार बी, साधारण 61.7 हर्ट्झ. कॉर्न या बँडने तीही पूर्ण स्वर खाली ए वर आणली आणि 1994च्या पहिल्या अल्बमवर 55 हर्ट्झपर्यंत उतरले. मेशुगा या स्वीडिश बँडच्या आठ तारांच्या गिटारवर सगळ्यात खालची तार एफ असते, 43.7 हर्ट्झ. बेस गिटारची सगळ्यात खालची तार 41.2 हर्ट्झची. गिटार बेसच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली!

इथे एक गैरसमज आहे. नुसतं खाली गेलं की आवाज जड होतो असं वाटून नवे वादक तारा उतरवतच सुटतात. गिटारच्या अँप्लिफायरमधले स्पीकर साधारण 75 हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाहीत. म्हणजे 44 हर्ट्झचा मूळ स्वर गिटारच्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. ऐकू येतात त्याचे वरचे उपस्वर, आणि मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो. छातीत जाणवणारा धक्का बेस आणि किक ड्रमचा असतो. मेशुगाचा आवाज जड वाटतो तो जाड तारेचा धातूसारखा फटकारा, अतिशय नेमका उजवा हात आणि बेसशी घट्ट जुळवलेली लय यांमुळे. हा हात नसेल तर खालच्या ट्यूनिंगमध्ये नुसता चिखल होतो.

तार सैल झाल्यावर बिघडतं काय

एक उघड आहे: सैल तार जास्त झोके घेते आणि पडद्यांवर घासून खरखरते. दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागतो. जोरात छेडलेली तार झोक्याच्या वेळी किंचित ताणली जाते आणि क्षणभर चढी वाजते. घट्ट तारेत हा चढ नगण्य असतो. सैल तारेत तो स्पष्ट ऐकू येतो, स्वर ‘ट्वांग’ करत वरून खाली येऊन बसतो. बोटाने थोडं जास्त दाबलं तरी स्वर चढतो. म्हणून खूप खाली उतरवलेली गिटार ट्यूनरवर बरोबर आणि वाजवताना बेसूर, असा प्रकार होतो.

उपाय दोन. पहिला, जाड तारा. ताण तोच ठेवायचा असेल तर तारेचा व्यास कंपनसंख्येच्या उलट प्रमाणात वाढवायचा. पूर्ण स्वर खाली जाण्यासाठी 0.046ची तार सुमारे 0.052 हवी. ईवरून थेट बीवर जायचं तर 0.061च्या आसपास. पण तार जाड झाली की ताठ होते, सळईसारखी वागू लागते, तिचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत राहत नाहीत आणि आवाज बोथट होतो. म्हणून दुसरा उपाय, लांबी वाढवणं. फेंडरच्या गिटारवर नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (तारा दुसऱ्या टोकाला टेकतात तो भाग) 25.5 इंच असतात, गिब्सनवर साधारण 24.75. बॅरिटोन गिटारवर हेच अंतर 27 इंच किंवा त्याहून जास्त ठेवतात, म्हणजे त्याच ताणाला थोडी बारीक तार पुरते आणि खर्ज स्वच्छ येतो.

जाड तारा कायमच्या लावणार असाल तर नटच्या खाचा रुंद करून घ्याव्या लागतात, मानेतला लोखंडी रॉड जुळवावा लागतो आणि ब्रिजवरचं इंटोनेशन (सगळ्या पडद्यांवर स्वर बरोबर यावेत अशी जुळवणी) नव्याने लावावं लागतं. हे काम जाणकाराकडून करून घ्यावं. आणि फ्लोटिंग ब्रिज, म्हणजे स्प्रिंगांवर तोललेला ब्रिज, असलेली गिटार एका गाण्यासाठी म्हणून उतरवायला जाऊ नये. एका तारेचा ताण कमी झाला की स्प्रिंग ब्रिजला मागे ओढतात आणि बाकीच्या पाच तारा चढतात.

ओपन ट्यूनिंग: मोकळ्या तारांचाच कॉर्ड

आता अंतरं बदलण्याकडे. मोकळ्या सहा तारांमधून थेट एक पूर्ण कॉर्ड वाजेल असं लावणं म्हणजे ओपन ट्यूनिंग. ओपन जी मध्ये तारा होतात डी, जी, डी, जी, बी, डी. जीला षड्ज माना: प, सा, प, सा, ग, प. ओपन डीमध्ये डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. डीला षड्ज माना: सा, प, सा, ग, प, सा. सरगममध्ये लिहिलं की ही ट्यूनिंगं किती सरळ आहेत ते डोळ्यांसमोर येतं.

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या ब्लूज वादकांना यांची गरज स्लाइडमुळे पडली. काचेची किंवा धातूची नळी बोटात घालून ती तारांवरून सरकवायची. नळी सरळ असते, ती बोटांसारखी एका तारेवर दुसऱ्या पडद्यावर आणि शेजारी तिसऱ्यावर बसू शकत नाही. तेव्हा कॉर्डच एका सरळ रेषेत यायला हवा. नळी पाचव्या पडद्यावर ठेवली की एक कॉर्ड, सातव्यावर दुसरा, आणि मधली सगळी वाट मींडेची.

रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्सने 1960च्या दशकाच्या अखेरीस ओपन जी घेतलं आणि पुढे त्यासाठी सहावी तारच काढून टाकली, कारण पाचवी मोकळी तार थेट षड्ज देते आणि तिच्या खालचा पंचम मध्ये मध्ये येतो. उरले सा, प, सा, ग, प. एक बोट आडवं टाकलं की कॉर्ड तयार, आणि दोन बोटं मोकळी. मधल्या बोटाने गचा म करायचा आणि अनामिकेने मधल्या पचा ध. सा-प-सा-ग मध्ये क्षणभर सा-ध-सा-म डोकावतो आणि बोटं उचलली की परत मूळ कॉर्ड. रोलिंग स्टोन्सच्या कितीतरी गाण्यांचा झुलता ठेका या दोन बोटांच्या उघडझापेतून येतो. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये तेच कॉर्ड वाजवता येतात, पण ते दोन वेगळे कॉर्ड वाटतात. एकातून दुसरा उमलल्यासारखं होत नाही.

हवाई बेटांवर हीच गोष्ट आणखी आधी घडली. 1830च्या दशकात राजा तिसरा कामेहामेहा याच्या वेळी गुरं सांभाळायला मेक्सिकन गुराखी तिथे आले आणि त्यांच्याबरोबर गिटार आली. हवाईच्या लोकांनी तारा सैल सोडून स्वतःची ट्यूनिंगं बनवली. अंगठ्याने खालच्या मोकळ्या तारांवर खर्जाचा ठेका आणि बोटांनी वरच्या तारांवर चाल, एकटा माणूस दोन वाद्यं वाजवल्यासारखा. घराघरांची ट्यूनिंगं वेगळी असत आणि ती बाहेर सांगत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथेच गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवायची पद्धत निघाली. ती जगभर पसरली आणि भारतात ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले. 1967च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला जी गिटार आहे ती त्यांची.

डॅडगॅड

मला सगळ्यात जवळचं ट्यूनिंग डी, ए, डी, जी, ए, डी. जगभर ते अक्षरं जोडून डॅडगॅड म्हणून ओळखलं जातं. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहम यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोमध्ये ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांबरोबर वाजवता यावं म्हणून ते शोधलं. पुढे ते आयरिश आणि स्कॉटिश लोकसंगीताच्या साथीला इतकं रुळलं की तिथलंच वाटू लागलं. फ्रान्सचे पिएर बेनसुसाँ तर जवळजवळ सगळं यातच वाजवतात.

डीला षड्ज धरा: सा, प, सा, म, प, सा. यात गंधार नाही. त्यामुळे मोकळ्या तारा शुद्ध गंधाराच्या बाजूच्या नाहीत आणि कोमल गंधाराच्याही नाहीत. षड्ज-पंचम-मध्यम सतत घुमत राहतात, तानपुऱ्यासारखे, आणि त्यावर गंधार कुठला लावायचा ते चाल ठरवते. एका जागी स्थिर राहून खुलणाऱ्या संगीताला हे फार मानवतं.

हातात घेऊन बघा. चौथी तार मोकळी सा. तिच्याच दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर शुद्ध ग. तिसरी तार मोकळी म. दुसरी तार मोकळी प, तिच्या दुसऱ्या पडद्यावर ध, चौथ्यावर नि. पहिली तार मोकळी, वरचा सा. आठ स्वरांतले चार मोकळ्या तारांवर आले. शेजारच्या तारेवर गेल्यावर आधीचा मोकळा स्वर थांबत नाही, तो मागे वाजत राहतो. त्यामुळे साधा आरोह वाजवला तरी म वर प चढतो, नि वर सा चढतो आणि स्वर एकमेकांत मिसळतात. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये यासाठी हाताला अवघड कसरत करावी लागते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. डॅडगॅडमध्ये डीच्या बाहेर पडलं की हात अडखळतो. पट्ट्या बदलणारं, कॉर्डमागून कॉर्ड धावणारं गाणं त्यात कष्टाने बसतं. म्हणून कोणी ओपन ट्यूनिंग सोपं म्हणून हिणवतं आणि कोणी मुक्त म्हणून डोक्यावर घेतं, तेव्हा मला दोन्ही अर्धवट वाटतात. त्या एका पट्टीत ते अफाट देतं आणि बाकीच्या पट्ट्यांमधून काढून घेतं.

सवयीचा हात मोडण्यासाठी

कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांना वयाच्या नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा हात कमकुवत राहिला. नेहमीच्या ट्यूनिंगमधले ताणलेले आकार धरणं अवघड होतं. त्यांनी तारा अशा लावायला सुरुवात केली की एक-दोन बोटांत हवे ते स्वर यावेत. पुढे ही गरज राहिली बाजूला. मनातला सूर आधी, तारा त्याला शोधत जातात, अशी त्यांची रीतच झाली. त्यांच्या गाण्यांमध्ये पन्नासहून जास्त ट्यूनिंगं आहेत. त्यांचे कॉर्ड कुठे टेकतात ते पटकन कळत नाही, कारण ते पाठ केलेल्या आकारांतून आलेलेच नाहीत.

इतकी ट्यूनिंगं लक्षात ठेवायला त्यांची एक पद्धत आहे, ती कोणालाही उपयोगी पडेल. पहिलं अक्षर सहाव्या तारेचा स्वर. पुढचे पाच आकडे म्हणजे कितव्या पडद्यावर दाबलं की पुढच्या मोकळ्या तारेचा स्वर मिळतो. नेहमीचं ट्यूनिंग होतं ई 5-5-5-4-5. डॅडगॅड होतं डी 7-5-5-2-5. ओपन जी होतं डी 5-7-5-4-3. अक्षरांपेक्षा हे आकडे जास्त बोलके आहेत. अंतरं दिसतात, आणि आकडे तेच ठेवून नुसतं पहिलं अक्षर बदललं तर ते पहिल्या जातीचं उतरवणं आहे हेही लगेच कळतं.

न्यूयॉर्कच्या सोनिक यूथ या बँडने याहून टोक गाठलं. स्वस्तातल्या गिटार घ्यायच्या, प्रत्येकीचं ट्यूनिंग वेगळं, आणि अमुक गाणं अमुकच गिटारवर. 1999मध्ये वाद्यांनी भरलेला त्यांचा ट्रक चोरीला गेला तेव्हा कित्येक गाणी वाजवणंच मुश्कील झालं, कारण ती गाणी त्या त्या वाद्यांत मुरलेली होती.

करून बघायचं असेल तर

सुरुवात ड्रॉप डीने करा आणि ट्यूनर बाजूला ठेवा. चौथी मोकळी तार डीच आहे. चौथी आणि सहावी एकदम छेडा आणि सहावीची खुंटी हळूहळू सैल करा. सहावी डीच्या जवळ आली की आवाजात एक थरथर ऐकू येईल, वाढणारी-कमी होणारी. सहावी तार एक हर्ट्झने चढी असेल तर ही थरथर सेकंदाला दोनदा येते, अर्ध्या हर्ट्झवर एकदा. ती मंदावत मंदावत थांबली की तार लागली. कान तयार होण्यासाठी याहून चांगला अभ्यास मला माहीत नाही.

तिथून डॅडगॅड दोन पावलांवर आहे. पहिली तार ईवरून डीवर, चौथीशी जुळवून. दुसरी तार बीवरून एवर, पाचवीशी जुळवून. त्यात तिसरी तार जीवरून एफ शार्पवर आणली की ओपन डी. या सगळ्यांत तारा फक्त उतरतात, म्हणून तुटायची भीती नाही. ओपन ई किंवा ओपन एमध्ये काही तारा चढवाव्या लागतात. अकूस्टिक गिटारवर आधीच सत्तर किलोच्या आसपास एकूण ताण असतो, त्यात भर घालण्यापेक्षा ओपन डी किंवा ओपन जीमध्ये लावून दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावावा. स्वर तेच मिळतात.

तार उतरवताना थेट हव्या त्या स्वरावर थांबू नका. त्याच्याही थोडं खाली जा आणि मग खुंटी घट्ट करत वर या. खुंटीच्या दात्यांमध्ये आणि नटच्या खाचेत उरलेला सैलपणा त्यामुळे आधीच ओढून घेतला जातो. नाहीतर पहिल्याच जोरदार छेडण्याला तो निसटतो आणि तार आणखी उतरते. एक तार उतरवली की मानेवरचा एकूण ताण बदलतो आणि आधी लावलेल्या तारा किंचित चढतात, म्हणून सगळ्या सहा तारा एकदा फिरून आल्यावर दुसरी फेरी करा.